गाणं कधी सुरू होणार?

“मावशी, गाणं कधी सुरू होणार?” भाचीने हे विचारलं तेव्हा मी हेडफोन लावून बसले होते आणि माझ्या लेखी गाणं केव्हाच सुरू झालेलं होतं. कानात ॲम्पचा भरगच्च आवाज, खालच्या, म्हणजे सर्वांत जाड ई तारेचा दबका, छातीत बसणारा ठोका, आणि मधूनच वर उसळून येणारे दोन-तीन सूर. शेजारी बसून चित्र काढणाऱ्या तिला मात्र ऐकू येत होतं ते फक्त टक-टक-टक-टक. हेडफोनवर वाजणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारचं खोलीत एवढंच उरतं: पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, तारेला लागल्याचा कोरडा आवाज. ती बराच वेळ मनापासून वाट बघत होती. मी हेडफोन काढून “हेच गाणं आहे” म्हटलं, तिने समजूतदारपणे मान डोलावली आणि पुन्हा रंगांच्या पेटीकडे वळली. तिच्यापुरता विषय संपला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही.

गेला नाही, कारण प्रश्न रास्त होता. रिफ म्हणजे परत परत वाजणारा छोटा तुकडा, आणि पेडल पॉइंट म्हणजे एकच सूर धरून ठेवून बाकीचे हलवणं. अशा रिफमध्ये बराच वेळ काही घडतच नाही, असं बाहेरून ऐकणाऱ्याला वाटणारच. त्या संध्याकाळी मी घोळवत होते तो रिफ अगदी साधा होता. पाश्चात्त्य सुरांच्या नावांत सांगायचं तर ई, ई, आणि डी तारेवरचा जी. पुन्हा ई, ई, आणि एफ शार्प. मग एकदाच ई, आणि एफ. तीन, तीन, दोन, असे आठ ठोके, की परत पहिल्यापासून. आठातले पाच ठोके त्याच उघड्या, म्हणजे डाव्या हाताचं बोट न ठेवलेल्या तारेचे, उजव्या तळहाताने दाबलेले. बोटांना त्यात काहीही अवघड नाही. गिटार हातात घेऊन थोडे दिवस झालेल्या कुणालाही डाव्या हाताचं काम लगेच जमेल. आणि तरीही मी या आठ ठोक्यांशी इतका काळ झटते आहे, की अवघड सोलो शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना ते समजावून सांगणं मी सोडून दिलं आहे.

सगळं आहे ते उजव्या हातात. करंगळीखालची तळहाताची मांसल कड ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या घोडीच्या, सॅडलवर (तार जिच्यावर टेकते त्या धातूच्या पट्टीवर) टेकवायची, बरोबर तिथे, जिथून तार मोकळी सुटते. एखाद-दुसरा मिलिमीटर पुढे सरकली की सूर मरतो आणि नुसता धप्प असा आवाज उरतो. तेवढीच मागे गेली की तार गुणगुणत राहते. दाब जास्त झाला तर तार ताणली जाऊन सूर किंचित चढतो, आणि ब्रिज तरंगता, स्प्रिंगांवर तोललेला असेल तर सगळ्याच तारा एकदम चढतात. त्यामुळे हात टेकवायचा, पण त्याचं वजन टाकायचं नाही. सुरुवातीला ब्रिजचा धातू गार लागतो, मग हाताइतकाच कोमट होतो. सॅडलच्या बारीक स्क्रूंचे ठसे त्वचेवर उमटतात, आणि वाजवून झाल्यावर हाताला तारांचा तो लोखंडी वास येत राहतो. मला तो आवडतो. साबणाने हात धुतले तरी तो थोडा मागे राहतो, आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या मध्येच नाकाशी येतो.

खरा प्रश्न सुरू होतो तो वरचा सूर येतो तेव्हा. ई दबका हवा, पण जी मोकळा, घणघणीत हवा. म्हणजे तळहाताने वाट करून द्यायची आणि लगेच परत जागेवर यायचं. हात उचलून परत ठेवायचा असं मी आधी समजत होते. वेग वाढला की त्याला वेळच पुरत नाही. मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजून देणारं यंत्र, मिनिटाला १२० ठोक्यांवर असेल आणि त्याच्या एका ठोक्यात चार सूर असतील, तर एका सुराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो. तेवढ्यात उचलणं, मारणं, ठेवणं ही तीन कामं होत नाहीत. होतं ते इतकंच, की मनगट किंचित वळतं, तळहाताची कड खालच्या तारेवर तशीच राहते आणि वरच्या तारांवरून कणभर सुटते. लांबून बघणाऱ्याला हात हललेलाही दिसत नाही. जी वाजून गेल्यावर पुढचा ई दाबलेलाच सापडला पाहिजे. कड उशिरा आली तर तो ई फुटून मोकळा वाजतो, लवकर आली तर जी गुदमरतो. दोन्हीमधली जागा फार अरुंद आहे आणि ती डोळ्यांनी सापडत नाही.

ती फक्त कानाला सापडते, तीही दुसऱ्या दिवशी परत शोधावी लागते.

भाचीला मी नंतर हेडफोन दिला होता. तिच्या डोक्याला तो मोठा होत होता, दोन्ही हातांनी कानांवर धरून तिने तोच रिफ पुन्हा पुन्हा ऐकला, आणि चित्राकडे परत जाताना गुणगुणू लागली. तिने काय उचललं होतं? जी, एफ शार्प, एफ. फक्त वरचे तीन सूर, मध्ये बरोबर तेवढी रिकामी जागा सोडून. ई एकदाही नाही. मला आधी थोडं वाईट वाटलं. मी ज्याच्यावर सगळी मेहनत करते तो सूर तिच्या ध्यानातच राहिला नव्हता. पण मग लक्षात आलं, की तिच्या गुणगुणण्यातल्या त्या रिकाम्या जागा अगदी मापात होत्या. शिकवलं नसताना तिने तीन, तीन, दोन हे वजन जसंच्या तसं उचललं होतं. ई ऐकू आला नसता तर ते शक्य नव्हतं. त्यानंतर मी घरी एक प्रयोग केला: ई काढून टाकला आणि त्याच्या जागी नुसते विराम ठेवून वरचे सूर वाजवले. एक उतरती, जराशी उदास ओळ ऐकू आली, बरी होती, पण कुणाचीही असू शकली असती. ई परत घातला आणि त्याच तीन सुरांना धार आली. एफ तर पूर्ण बदलला. एकटा असताना तो निरुपद्रवी सूर होता. ई मनात ठाण मांडून बसलेला असताना तो वरच्या सप्तकातल्या ईपासून जेमतेम एका सेमीटोनवर, म्हणजे लगतच्याच सुरावर, येऊन डिवचतो. मेटलमध्ये, म्हणजे या जड रॉक संगीतात, ज्याला आपण काळोखा रंग म्हणतो तो बऱ्याच वेळा एवढ्यातूनच येतो.

एक सूर धरून ठेवायचा आणि वर बाकीचे हलवायचे, हे मेटलने शोधलेलं नाही हे उघड आहे. ऑर्गनवर पायाने खालचा सूर धरून ठेवतात. संगीतकार बाखच्या ऑर्गनसाठीच्या एफ मेजर टोकाटाच्या सुरुवातीला पायातला एफ पन्नासहून जास्त बार (तालाचे गट) जागचा हलत नाही, आणि वर दोन्ही हात एकमेकांचा पाठलाग करत असतात. पण मला आमच्या रिफच्या जास्त जवळचं वाटतं ते त्याचंच व्हायोलिनसाठीचं लेखन. ज्या सोनाटा-पार्टिटांच्या हस्तलिखितावर १७२० हे साल आहे, त्यातल्या ई मेजर पार्टिटाच्या पहिल्या भागात एक जागा येते जिथे उघडी ई तार सतत परत येते आणि शेजारच्या तारांवर सूर बदलत राहतात. ऑर्गनमधला खालचा सूर नुसता धरलेला असतो. व्हायोलिनवर एकच गज असल्यामुळे तो सूर पुन्हा पुन्हा मारावा लागतो, एकाच ओळीत विणावा लागतो. नेमकं आमचंच काम. फरक असा, की व्हायोलिनची ई ही सर्वांत वरची तार आणि आमची सर्वांत खालची. ते वादन मी पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा उजव्या हाताचं मनगट आपोआप वळू लागलं होतं.

तानपुऱ्याची आठवण तर येतेच. षड्ज मागे चालू आहे आणि त्याच्या भरवशावर बाकी सगळं उभं आहे, हे नातं आपल्या कानांना आधीपासून ओळखीचं असतं. पण तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली बारीक धागा सरकवून जवारी जमवतात ती तारेतले वरचे स्वर उमलावेत म्हणून. आम्ही त्याच जागी, घोडीपाशीच, तळहात ठेवतो तो ते वरचे स्वर मिटावेत म्हणून. खालची ई तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, तिच्यात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे कितीतरी स्वर मिसळलेले असतात, आणि हाताची मऊ कड त्यातले वरचे आधी गिळते. उरतो मारल्याचा टणका आणि खालचा जाड गाभा, तोही क्षणभर. मेट्रोनोम १८० वर नेला आणि एका ठोक्यात चार सूर मारले, तर एका सुरात ती तार जेमतेम सात वेळा हलते. सात हेलकाव्यांत सूर ओळखू यायला हवा, वजन जाणवायला हवं आणि तो संपायलाही हवा. मी हे गणित केलं त्या दिवशी त्या तारेकडे बराच वेळ बघत बसले होते.

संपायलाही हवा, हे का, ते मला डिस्टॉर्शनने, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करण्याने, शिकवलं. स्वच्छ आवाजात दोन सूर एकमेकांवर थोडे चढले तरी कान माफ करतो. डिस्टॉर्शनमधून जाताना मात्र ते नुसते एकत्र राहत नाहीत, त्यांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन नको ते स्वर तयार होतात. माझ्या रिफमधला एफ १७५च्या आसपास कंप पावतो, आणि खालच्या ईमध्ये मिसळलेला दुप्पट वेगाचा स्वर १६५च्या आसपास. ई पुरता थांबला नसताना एफ मारला, तर सेकंदाला दहाएक वेळा थरथरणारा खरखरीत चिखल ऐकू येतो. शिवाय डिस्टॉर्शन बारीक आवाजही उचलून मोठ्यांच्या बरोबरीला आणतं. ए तारेला चुकून लागलेलं बोट, पिकचा घासटा, सगळं चव्हाट्यावर. त्यामुळे पाम म्यूट, म्हणजे हे तळहाताने दाबणं, मला आता सूर दाबण्यापेक्षा पुढच्या सुरासाठी जागा रिकामी करून ठेवणं जास्त वाटतं. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, वाढवला की जड वाटेल हा समज मी फार काळ धरून होते आणि आजूबाजूचे बरेचजण अजून धरून आहेत. खरं तर गेन थोडा कमी केला की ठोके वेगवेगळे दिसू लागतात आणि रिफ जास्त जड लागतो. ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरसारखा पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची छोटी पेटी) त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन, म्हणजे ड्राइव्ह, जवळजवळ शून्यावर आणि आवाजाची लेव्हल वर ठेवून लावतात तोही याचसाठी: खालचा फुगवटा डिस्टॉर्शनमध्ये शिरण्याआधीच छाटला जातो.

मग एकदा मी भाची ऐकत होती तसंच ऐकायला लागले. काही न जोडता, कोरडी गिटार. आणि जाणवलं की टक-टक-टक-टकमध्ये सगळी माहिती आहे. कुठला ठोका हलका पडला, कुठला अपस्ट्रोक (पिक वर नेत मारलेला ठोका) तारेला टोकानेच लागला, कुठे तिसऱ्यानंतर चौथा जरा घाईत आला. डिस्टॉर्शन नको ते आवाज उघडे पाडतं, पण ठोक्यांमधल्या या फरकांवर पांघरूण घालतं. आता सरावाचा पहिला भाग असाच असतो, ॲम्पविना, फोनवर रेकॉर्ड करत. ऐकायला कुणाला बोलावण्यासारखं त्यात काही नाही, पण त्या कोरड्या आवाजातही एक तालाचं सुख आहे. पाच ई एकसारखे पडू लागले की अंगातली धुसफूस निवते. दिवसभरात ज्या गोष्टी आपल्या हातात नसतात त्यांची यादी मोठी असते; हा एक ठोका मात्र पूर्णपणे माझ्या हातात आहे.

डाउनस्ट्रोक (प्रत्येक ठोका खालच्या दिशेने) की अल्टरनेट (एक खाली, एक वर), हा वाद या संगीताइतकाच जुना आहे. ऐंशीच्या दशकात थ्रॅश हा मेटलचा वेगवान प्रकार आला तेव्हा मेटॅलिका या बँडच्या जेम्स हेटफिल्डने सगळं खालच्या दिशेनेच मारून जो कडकपणा आणला, त्याने पुढच्या सगळ्यांचं माप ठरलं. १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या त्यांच्या गाण्याचा मुख्य रिफ २१०च्या आसपासच्या वेगाने जातो, उघडा ई धरून, वर सेमीटोनने उतरत येणारे सूर ठेवून, आणि तो डाउनस्ट्रोकनेच वाजवायचा असा अलिखित दंडक आहे. हा नुसता हट्ट नाही. माझा रिफ अल्टरनेटने वाजवला तर जी तिसऱ्या ठोक्यावर येतो, म्हणजे खाली. एफ शार्प सहाव्यावर आणि एफ आठव्यावर, म्हणजे दोन्ही वर. खाली जाताना पिक तारेत खोल रुतून सुटतो, वर येताना वरवर जातो. तेच तीन सूर, पण पहिला भरीव आणि बाकीचे दोन पातळ. शिवाय ई तारेवरून डी तारेवर जाताना मध्ये ए तार आहे, तिला न शिवता ओलांडायचं. सगळं डाउनस्ट्रोकने केलं की तिन्ही सूर एका वजनाचे पडतात. म्हणून माझ्या हाताला झेपेल तोपर्यंत मी खालीच मारते, आणि झेपत नाही तिथे अपस्ट्रोकला तेवढंच खोल जायला शिकवते. हे दुसरं काम पहिल्याहून कंटाळवाणं आहे आणि ते बहुतेकजण टाळतात. पिकचं टोक तारेला किंचित तिरकं धरलं की ते सोपं जातं. जाड, छोटा, वाकत नाही असा पिक मला मानवतो, त्याची एक कड झिजून तिरपी होते, तशी झाली की तो आणखी मानवतो.

“हळू वाजवा, वेग आपोआप येईल” हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मला ते अर्धंच पटतं. हळू वाजवल्याशिवाय ऐकू येत नाही, हे खरं. पण ७० वर हात ज्या हालचाली करतो त्या १८० वरच्या हालचाली नव्हेत. हळू असताना मनगटाला मोठा झोका घ्यायची चैन परवडते. ७० वरून दोन-दोन करत चढत गेले की एका आकड्यापाशी हात अडतो आणि मग महिनोन्‌महिने तिथेच अडतो. त्यावर मला उपयोगी पडलं ते वेगळंच: हवा तो वेग सरळ लावायचा, फक्त आठ ठोके वाजवायचे, थांबायचं, हात झटकून सैल करायचा, परत आठ. त्या छोट्या धावेत हात स्वतःच काटकसर शोधतो. मग ती काटकसर हळू वेगात आणून तपासायची. पुढच्या हाताचा स्नायू भरून येतो, तिथवर ठीक आहे. मनगटात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर गिटार तिथल्या तिथे खाली ठेवायची. याबाबतीत मर्दुमकी दाखवणाऱ्यांचं मी ऐकत नाही. खांदा कानाकडे चढलेला असतो, दात आवळलेले असतात, श्वास अडकलेला असतो. जड संगीत वाजवायला शरीर इतकं हलकं ठेवावं लागतं, हे मला अजूनही नवल वाटतं.

एवढं करून मी ज्यासाठी वाजवते ती गोष्ट म्हणजे डबल ट्रॅकिंग. तोच रिफ दोनदा रेकॉर्ड करायचा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकाच रेकॉर्डिंगची प्रत करून चालत नाही. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असल्या की आवाज मधोमध गोळा होतो. दोनदा खरंच वाजवावं लागतं. दोन वादनांत जो कणभर फरक राहतो त्याच्यामुळे आवाज रुंद होतो, आणि तो फरक कणभराहून जास्त झाला की सगळं विस्कटतं. इथे वरच्या सुरांचा फारसा प्रश्न येत नाही, ते मोकळे वाजतात, निभावून नेतात. परीक्षा होते ती ईची. डावीकडचा ई आणि उजवीकडचा ई एकत्र सुरू व्हायला हवेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकत्र थांबायला हवेत. ते थांबले की दोन ठोक्यांच्या मध्ये खरीखुरी शांतता येते, आणि पुढचा ठोका त्या शांततेतून येतो म्हणून अंगावर येतो. माझे दोन ट्रॅक पहिल्यांदा असे जुळले तेव्हा मी तो तुकडा कुणालाच पाठवला नाही. नुसता लावून ठेवला आणि खोलीभर चालत राहिले.

आता खालची तार एक पूर्ण सूर उतरवून डीवर आणली आहे. ती सैल पडली आहे, जोरात मारली की क्षणभर सूर चढतो आणि मग खाली येऊन बसतो, त्यामुळे जाड तार लावावी लागली. तिला थांबवायला हात पूर्वीपेक्षा थोडा पुढे लागतो आणि वेगळ्या दाबाने. म्हणजे ईसाठी सापडलेली जागा डीला चालत नाही. तीन, तीन, दोन तेच आहे, वरचे सूरही मुद्दाम तेच ठेवले आहेत. जी, एफ शार्प, एफ. डीच्या वर मात्र एफला डिवचणं जमत नाही, तो तिथे नुसता खिन्न वाटतो. हे मला अपेक्षित नव्हतं आणि मला ते फार आवडलं आहे. मेट्रोनोम परत ७० वर आणला आहे. आधी फक्त डी.